शेड्यूल एक्सचं लायसन: फी किती, आणि घ्यावं का?

विट्याची फार्मासिस्ट:
विट्यात माझं मेडिकल आहे. 20 आणि 21 नंबरचं, म्हणजे नेहमीची औषधं किरकोळ विकायचं लायसन आहे. आमच्या गल्लीतल्या एका पोराला मिथाइलफेनिडेट (एडीएचडी, म्हणजे लक्ष न लागण्याच्या त्रासावरची गोळी) चालू आहे, आणि त्याची आई दर महिन्याला त्यासाठी एसटीनं मिरजेला जाते, कारण इथं ते कुणी ठेवत नाही. मागं एकदा तिथंही माल संपला होता, पोरगं आठवडाभर गोळीविना शाळेत गेलं. मला हे बघवत नाही. ती गोळी शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येते, म्हणून ती किरकोळ विकायचं 20एफ लायसन घ्यायचं म्हणते. ओळखीचे म्हणतात फी हजारोंत जाते, नादाला लागू नको. खरं काय?

जुना केमिस्ट, सांगली:
ताई, सरकारी फी 500 रुपये. 20 आणि 21 ला प्रत्येकी 1500 भरले असतील, त्यापेक्षा ही कमीच. आकडा केंद्राच्या 1945 च्या औषध नियमांतला आहे, लायसन आपलं एफडीए (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) देतं. जास्त मागणारा एजंट असतो. अर्ज 19सी नंबरच्या फॉर्ममध्ये करा. 2017 पासून रिन्यूअल बंद झालं, दर पाच वर्षांनी तेवढीच रिटेन्शन फी (लायसन चालू ठेवायची फी) भरायची. उशीर झाला तर महिन्याला 2 टक्के, म्हणजे 10 रुपये. पण सहा महिने उलटले तर लायसन रद्द समजतात, तेवढी तारीख सांभाळा.
लोक मागं सरतात ते वहीला भिऊन. बांधीव रजिस्टर, छापील पाननंबर, प्रत्येक औषधाला वेगळं पान, रोज आवक-जावक आणि शिल्लक. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत घ्यायची, एक दोन वर्षं जपायची. कपाटाला कुलूप. एक गोळी जुळली नाही तरी उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

कराडहून:
माझ्या वडिलांना कॅन्सर आहे. 20एफ वर मॉर्फीनपण मिळतं का हो?

जुना केमिस्ट, सांगली:
नाही दादा. ते शेड्यूल एक्समध्ये नाही, त्याला एनडीपीएस (अमली पदार्थांचा) कायदा लागतो. 2014 च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या औषध नियंत्रकानं मान्यता दिलेल्या दवाखान्यांतून ते मिळतं. वडिलांच्या डॉक्टरांना विचारा, जवळ मान्यता कुणाकडे आहे. दुखणं अंगावर काढू देऊ नका.

विट्याची फार्मासिस्ट:
वही मी स्वतः लिहीन, काउंटरवरच्या पोराकडे देणार नाही. माल कुठून घ्यायचा?

जुना केमिस्ट, सांगली:
20जी (शेड्यूल एक्सचं होलसेल लायसन) असलेल्या होलसेलरकडूनच. आधी त्याच्या लायसनची झेरॉक्स मागा, बिलावरचा नंबर ताडून बघा, मगच अर्ज टाका. आणि त्या आईला चिठ्ठी दोन प्रतींत आणायला आत्ताच सांगून ठेवा.