व्हीआरमध्ये पायाने चालायची उपकरणं: घ्यावीत का?

टाचणी:
डोळ्यांना लावायचा क्वेस्ट ३ हा व्हीआर (आभासी जगाचा) हेडसेट आहे, पण बहुतेक गेम्स पीसीला जोडून स्टीमव्हीआर या पीसीवरच्या सॉफ्टवेअरवर खेळते. जागा बेताची. दोन पावलं टाकली की हद्दीची जाळी डोळ्यांसमोर उभी राहते, मग पुढचं सगळं चालणं हातातल्या कंट्रोलरवरची कांडी अंगठ्याने ढकलून. हात खरे हलतात, तलवार खरी फिरते आणि पाय मात्र ढिम्म, हे फार खटकतं. शिवाय थोड्या वेळाने मळमळायला लागतं ते वेगळंच. सध्या तीन गोष्टींवर नजर आहे: काट वॉकसारखी ट्रेडमिल, बुटावर चढवायचे सायबरशूज आणि घोट्याला बांधायचे सेन्सर. किमतींत जमीन-अस्मानाचा फरक. वापरलेल्यांनी सांगा, पैसे टाकण्यात अर्थ आहे का? 'चालायचंय तर बाहेर फिरून ये' हा सल्ला घरून मिळालेला आहे, तो सोडून काहीही चालेल.

निवांतखुर्ची:
घरच्यांना +१.

बाकी, एवढ्यात काही घेऊ नका. हात हलवत जागच्या जागी चालायची सोय काही गेम्समध्ये असतेच, सेटिंग्ज उघडून बघा. नसेल तिथे स्टीम या गेम्सच्या ऑनलाइन दुकानात 'नॅचरल लोकोमोशन' नावाचं सॉफ्टवेअर मिळतं. हात हलवले की ते गेमला सांगतं, कांडी पुढे ढकलली. एखाद्या गेमच्या किमतीत काम होतं. तेही आवडलं नाही तर ट्रेडमिल आवडण्याची शक्यता कमीच.

उलटपावली:
मळमळ आणि पाय हे दोन निराळे प्रश्न आहेत, त्यांची मोट बांधू नका.

मळमळ होते कारण डोळे म्हणतात पुढे सरकतोय आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो जागेवरच आहोत. ट्रेडमिलवरही शरीर जागेवरच राहतं. चालू लागताना, थांबताना, वळसा घेताना कानाला जे जाणवायला हवं ते तिथेही जाणवत नाही. पाय हलल्याने काहींना आराम पडतो हे खरं, पण तेवढ्यासाठी एवढा खर्च करू नये. चालताना दृश्याच्या कडा अंधारणारी सेटिंग चालू करणं, हळूहळू वळण्याऐवजी झटक्यात ठरावीक अंशांनी वळणं, आणि गरगरायला लागताच खेळ थांबवणं, यांनी जास्त फरक पडतो. 'थोडं सहन केलं की सवय होते' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, सहन करून उलट हेडसेट बघितला तरी पोटात ढवळायला लागतं.

आता ट्रेडमिल. नावावर जाऊ नका, घरगुती प्रकारांत बहुतेकदा फिरता पट्टा नसतोच. खोलगट गुळगुळीत थाळी, घसरणारे खास बूट आणि कमरेला आधार. पाऊल पुढे टाकायचं, ते घसरून मागे येतं. सुरुवातीला शेवाळलेल्या पायऱ्या चढल्यासारखं वाटतं: पोटऱ्या ताठ, अंगाचा भार कमरेच्या आधारावर. सवयीने जमतं, पण जमतं ते 'थाळीवर चालणं', रस्त्यावरचं नव्हे. खाली वाकून आडोसा घ्यायचा असेल तर आधार कसा आहे ते आधी बघा. व्हर्च्युइक्स कंपनीच्या जुन्या ऑम्नी ट्रेडमिलमध्ये कमरेभोवती कडं होतं. मागच्या खांबाला किंवा दांड्याला जोडलेली नवी रचना त्या मानाने मोकळी.

खरा फायदा वेगळाच आहे: दिशा. अंगठ्याने चालताना 'पुढे' म्हणजे डोकं जिकडे तिकडे, नाहीतर डावा कंट्रोलर जिकडे तिकडे. बोळातून सरळ जाताना बाजूच्या दाराकडे नुसती मान वळवली की गाडी दारावर. कमरेवर सेन्सर असला की चालणं कमरेच्या दिशेने होतं आणि मान मोकळी राहते. पाठलाग चालू असताना मागे वळून बघत पळता येतं, ही मजा अंगठ्याला नाही. आणि त्यासाठी थाळी लागत नाही. काट लोकोसारखा संच, दोन घोट्यांना आणि एक कमरेला, तेवढंच काम करतो आणि खणात मावतो.

आकाराचं म्हणाल तर ऑम्नीचा इतिहास बघा. २०१३ मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून पैसे उभारायच्या साइटवर ११ लाख डॉलरच्या आसपास पैसे जमले, आणि २०१६ च्या शेवटी कंपनीने अमेरिकेबाहेरच्या ऑर्डरी रद्द करून पैसे परत केले. एवढं अवजड धूड जगभर पाठवणं आणि दुरुस्त करणं झेपणारं नव्हतं. तुमच्याकडे बिघडलं तर सुटा भाग कुठून आणणार, हा प्रश्न आजही विचारायलाच हवा.

निवांतखुर्ची:
अवांतर: डिस्नेने २०२४ मध्ये होलोटाइल नावाची फरशी दाखवली होती. छोट्या छोट्या फिरत्या चकत्यांची, माणूस कुठेही चालला तरी तिथेच राहतो. घेता येत नाही, बघून जळता येतं.

टाचणी:
उलटपावली, दिशेचं एकदम पटलं. दारावर आपटणं माझं रोजचं आहे. थाळीचा विचार रद्द. सायबरशूजबद्दल कोणी सांगेल का?

बैठेखेळ:
मी सांगते. बुटावर चढवायचे, तळाला छोटे रोलर, आणि बसून खेळायचं. पाय जमिनीवर मागे ओढले की गेममध्ये पुढे जाता. खुर्ची गोल फिरणारी हवी पण चाकं नसलेली, नाहीतर तुम्हीच मागे सरकता. खाली गालिचा असला तर पकड चांगली. चालल्याचा भास बरा होतो, दमायला मांड्या जास्त दमतात. लांबलचक भटकंतीच्या गेमला मस्त. धनुष्य, तलवार, गुडघ्यावर बसणं असं काही असेल तर बसून मजा जाते, वाकायला बटण दाबावं लागतं. मला गुडघ्यामुळे उभं राहून खेळता येत नाही, म्हणून माझे पैसे वसूल झाले. तुम्ही उभ्याने खेळणाऱ्या दिसताय, तुम्हाला नाही सुचवणार.

हेडसेटला केबल असेल तर फिरता फिरता खुर्चीला गुंडाळली जाते, तेवढं बघा.

उलटपावली:
एक राहिलंच. यातली बहुतेक उपकरणं गेमला फसवतात: पावलं मोजून कांडी ढकलल्याचा संकेत देतात. पीसीवर हे बहुतेक गेम्समध्ये चालतं. थेट हेडसेटवर चालणाऱ्या गेम्सचं तसं नाही, तिथे तो गेम त्या उपकरणाला पाठिंबा देतो का ते नावानिशी तपासायचं. आणि ज्या गेममध्ये जागा बदलायची ती फक्त टेलिपोर्टने, म्हणजे न चालता नेमलेल्या जागी एकदम पोहोचून, त्यात यांचा काही उपयोग नाही.

टाचणी:
म्हणजे आधी नॅचरल लोकोमोशन, मग वाटलंच तर घोट्याचे सेन्सर. ते मध्येच भरकटतात असं वाचलं, खरं का?

उलटपावली:
हो, बाहेरच्या कॅमेऱ्याशिवाय चालणारे सेन्सर हळूहळू दिशा चुकतात. सरळ चालताय आणि गेममध्ये तिरके जाताय असं वाटलं की सरळ उभं राहून रीसेट करायचं. ते बटण कंट्रोलरवर नेमता येतं का, एवढं घेण्याआधी विचारा. दर वेळी हेडसेट काढून कीबोर्ड शोधायचा म्हणजे वैताग.