मदत हवी आहे: ग्राफचे तुकडे पाडताना व्हर्टेक्स फुगत कसे नाहीत?

मंडळी, मी सांगलीत एमएस्सी गणिताच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट एर्डॉश-गालाई अटकळीवर. एन व्हर्टेक्सचा (बिंदूंचा) कुठलाही ग्राफ घ्या, त्याच्या सगळ्या एज (बिंदू जोडणाऱ्या रेषा) सायकली (बंद फेऱ्या) आणि सुट्या एज यांत वाटा. तुकडे एनच्या ठरावीक पटीत बसले पाहिजेत. १९६० च्या दशकापासून हे कुणाला पूर्ण सुटलेलं नाही.

एन लॉग एन तुकड्यांपर्यंत मला जमतं. सरासरी डिग्री (एका व्हर्टेक्सला लागलेल्या एज) डी असेल, तर ती निम्मी होईपर्यंत दर वेळी किमान डी/२ लांबीची सायकल सापडतेच (१९५९ चं याच दोघांचं प्रमेय). ती काढत जायचं. काढायच्या एज एन·डी/४, म्हणून सायकली फार तर एन/२. असं निम्मं करायचं लॉग एन वेळा (लॉगचा पाया २).

पुढे गाडी अडते. कॉन्लन, फॉक्स आणि सुदाकोव्ह यांनी २०१४ मध्ये ते एन लॉग लॉग एनवर आणलं, बुचिच आणि माँटगोमेरी यांनी २०२२ मध्ये एन लॉग-स्टार एनवर. (लॉग-स्टार म्हणजे १ येईपर्यंत किती वेळा लॉग घ्यावा लागतो; २ च्या ६५५३६ व्या घाताचाही फक्त ५! सर म्हणाले, मग राहिलं काय? राहिलंय, सर.) ग्राफ आधी एक्सपांडरांत तोडतात, म्हणजे ज्यांत फार मोठ्या नसलेल्या प्रत्येक संचाला बाहेरचे पुरेसे शेजारी असतात अशा तुकड्यांत. ज्याचे बाहेरचे शेजारी कमी आहेत असा संच एक्स घ्यायचा. एक तुकडा एक्स आणि शेजारी, दुसरा एक्स वगळून उरलेलं सगळं. एज एकाच तुकड्यात जाते, शेजारी मात्र दोन्हीकडे मोजले जातात, बांध दोन्ही भावांच्या उताऱ्यावर चढावा तसे. तोडत गेलं तरी व्हर्टेक्सची एकूण बेरीज २एनच्या आत कशी राहते?

प्रतिसाद: शेजारी 'कमी' म्हणजे किती, तिथंच गोम आहे. एक्सच्या आकाराला त्याच्या लॉगच्या वर्गाने भागायचं, वर एका छोट्या ठरावीक संख्येने, एप्सिलॉनने, गुणायचं. आकार २ च्या के-व्या घाताएवढा असेल तर लॉग म्हणजे के. त्या पातळीवर साधारण एप्सिलॉन·एन/के² व्हर्टेक्स वाढतात. १ + १/४ + १/९ + … कितीही पुढे नेलं तरी π²/६ च्या आतच. वर्ग न घेता नुसता लॉग ठेवलास तर १ + १/२ + १/३ + … होतं आणि बेरीज लॉग लॉग एनपर्यंत चढते. तुकडे समान पडत नाहीत हे खरं, पण एक्स निम्म्याहून मोठा घेतच नाहीत. खर्च एक्समधल्या व्हर्टेक्सच्या माथी मारायचा. ते लगेच लहान तुकड्यात जातात, त्यामुळे एका पातळीवर पुन्हा पुन्हा भुर्दंड पडत नाही. उरलेलं इंडक्शनवर. मूळ कल्पना कोमलोश आणि सेमेरेदी यांची, १९९० च्या दशकातली.

धागाकर्ता: आभारी आहे, ताई! पण इतकं ढिलं एक्सपान्शन पुढे पुरतं का?

प्रतिसाद: फुकटात नाही. दोन व्हर्टेक्समधलं अंतर लॉग एन न राहता लॉगच्या घनापर्यंत जाऊ शकतं. सायकली जोडताना ते सांभाळायचं, आणि त्या पेपरांतली खरी मेहनत तिथंच आहे.