पत्र्याचा डान्स पॅड घरी केलाय, पण डावं-उजवं एकदम दाबलं की लागत नाही

निपाणी_वखार

नमस्कार मंडळी. मी निपाणीहून लिहितेय. स्टेपमेनियासाठी (कॉम्प्युटरवरचा, गाण्याच्या तालावर पायानं बाण दाबायचा खेळ) पत्र्याचा डान्स पॅड घरीच केला आणि आता अडकलेय.

घराला लागून आजोबांची तंबाखूची वखार आहे, सध्या रिकामी. खाली शहाबादी फरशी, वर कुणी राहत नाही, त्यामुळे कितीही उड्या मारल्या तरी कुणाला त्रास नाही. धाकट्या भावाकडं आधी कापडी मॅट होती. ती पायाखाली गोळा व्हायची आणि चार महिन्यांत तिचा खालचा बाण मेला. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं कामाला लागलो.

तळाला तीन बाय तीन फुटांचा १८ मिलिमीटरचा प्लायवूड. चार बाणांच्या जागी ११ इंची चौकोनात २२ गेजचा जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पत्रा, त्याच्या कडेनं खिडकीला लावतात ती फोमची पट्टी, त्यावर ५ मिलिमीटरचं पॉलिकार्बोनेट आणि त्याच्या पोटाला दुसरा पत्रा चिकटवलेला. पाय पडला की वरचा पत्रा खालच्याला टेकतो. मधला चौकोन आणि चार कोपरे यांच्यावर स्टीलचा पत्रा स्क्रूनं बसवलाय. जुन्या यूएसबी गेमपॅडचं बोर्ड काढलं, वरच्या पत्र्यांना वायरी सोल्डर केल्या आणि त्यांची दुसरी टोकं त्याच्या दिशेच्या चार बटणांना. खालचे सगळे पत्रे आणि कोपऱ्यांचं स्टील एकाच कॉमनला, म्हणजे सगळ्या बटणांच्या सामायिक तारेला, जोडलं.

एकेक बाण छान लागतो. पण डावं-उजवं एकदम आलं की दोन्ही पाय पडूनही एकच लागतो, कधी एकही नाही. वर-खाली एकदमचंही तसंच, पण वर आणि डावं एकदम बरोबर लागतं. शिवाय खालचा बाण मधूनच दाबलेलाच राहतो. आणि परवा बाबा बघायला आले, अनवाणी कोपऱ्यावर उभे राहिले तर म्हणाले पायाला झिणझिण्या येतात. कॉम्प्युटर जुना डेस्कटॉप आहे, वखारीत लाइट घरातून एक्स्टेंशननं आणलीय.

भाऊ म्हणतोय सगळं उचकटून नवा फोम घालूया. त्याआधी इथं विचारावं म्हटलं.

उद्यमबाग_पॅनेल

ताई, पॅड उचकटू नका. पण खेळणं आत्ताच्या आत्ता थांबवा, अनवाणी तर नकोच. तुम्ही शेवटी लिहिलेली गोष्ट सगळ्यात आधी बघायची आहे.

मी बेळगावच्या उद्यमबागेत कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करतो, सव्वीस वर्षं झाली. झिणझिण्या पॅडच्या नाहीत. यूएसबीचे ५ व्होल्ट कोरड्या पायाला कळतही नाहीत. त्या येतात कॉम्प्युटरच्या सप्लायमधून. त्या सप्लायच्या, म्हणजे एसएमपीएसच्या, तोंडाशी फेजपासून एक आणि न्यूट्रलपासून एक असे बॉडीकडं जाणारे दोन छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा करंट गुमान जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॉम्प्युटरची बॉडी मेन्सच्या निम्म्या व्होल्टवर, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहते. यूएसबीचा ग्राउंड त्या बॉडीला, तुमचा कॉमन त्या ग्राउंडला आणि कोपऱ्याचं स्टील तुमच्या कॉमनला. बाबांचा एक पाय स्टीलवर, दुसरा फरशीवर असणार. हा करंट मिलिॲम्पिअरपेक्षाही कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या आल्या. पण उद्या सप्लायच्या आत काही शॉर्ट झालं तर पुऱ्या करंटला तोच रस्ता आहे.

तेव्हा वायरमन बोलवा. सॉकेटमध्ये फेज आणि अर्थिंगच्या पिनेमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. फेज-न्यूट्रलला जेवढं येतं जवळजवळ तेवढंच तिथं यायला पाहिजे. कमी येत असेल, काटा भटकत असेल, तर अर्थिंग तुटलंय किंवा एक्स्टेंशनमध्ये तिसरी वायरच नाही. एक कळकळीनं सांगतो. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थिंगच्या पिनेला वायरचा तुकडा मारतात आणि झालं म्हणतात. कुणी तसं करायला लागलं तर तिथंच अडवा. न्यूट्रल कुठंतरी सुटला की तुमच्या पॅडवर सरळ फेज येते. घराच्या बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडं गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवून घ्या. आणि कोपऱ्याचं स्टील कॉमनवरून काढून टाका, त्याला वायरीची गरजच नाही.

आता डावं-उजवं. हे मी स्वतः भोगलंय. अनगोळला घरी मुलीसाठी असाच पॅड केला. तिची दहावी झाली होती, सुट्टीभर खेळायचं म्हणून माझ्या मागं लागलेली. अगदी हीच तक्रार. मी तीन वेळा फोम बदलला, पत्रे घासले, एकदा सगळी वायर नवी टाकली. पोरगी रात्री अकरापर्यंत बॅटरी धरून शेजारी बसायची. आणि चूक पॅडमध्ये नव्हतीच.

गेमपॅडची दिशेची बटणं ही कॉम्प्युटरला चार वेगळी बटणं म्हणून जात नाहीत. बऱ्याच बोर्डांत त्यांचा मिळून एकच आकडा जातो, त्याला हॅट म्हणतात. वर म्हणजे ०, वर-उजवं १, उजवं २, असं घड्याळासारखं फिरत ७ पर्यंत. वर-डावं याला आकडा आहे, म्हणून ते तुमचं लागतं. डावं-उजवं याला आकडाच नाही, कारण हातातल्या गेमपॅडवर एकाच अंगठ्यानं ते दाबताच येत नाही. काही बोर्डं हॅटऐवजी अक्ष पाठवतात. तिथंही डावं वजा आणि उजवं अधिक, दोन्ही एकमेकांना खातात. पायानं खेळायचं म्हटलं की दोन्ही एकदम येणारच, उडीचा अर्धा खेळ त्यावर आहे.

खात्री करायची तर विंडोजमध्ये गेम कंट्रोलरच्या सेटिंगमधलं तपासणीचं पान उघडा आणि भावाला दोन्ही बाणांवर उभं करा. पानावरची खूण एकाच बाजूला गेली किंवा मध्येच राहिली तर तेच. उपाय अर्ध्या तासाचा. चारही वायरी दिशेच्या बटणांवरून काढा आणि त्रिकोण, गोल, फुली, चौकोन या चार बटणांवर लावा. ती खरोखर वेगळी बटणं आहेत. लावण्याआधी मल्टीमीटर बझरवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो तो) ठेवून त्यांचा कॉमन तोच आहे का बघा, काही बोर्डांत वेगळा असतो. मग स्टेपमेनियात जाऊन बटणं नव्यानं नेमून द्या.

खालच्या बाणाचं मोजल्याशिवाय बोलत नाही. त्याची वायर बोर्डावरून सोडवा, मीटर बझरवर लावा. पाय नसताना वाजला तर कुठंतरी टेकतंय. पाय ठेवल्यावर ओहम बघा. दोन-चार आले तर उत्तम, शंभरावर गेले किंवा आकडा नाचला तर जोड कच्चा आहे. काय येतं ते इथं लिहा.

खानापूर_जांबोटी

पॅनेलवाल्या दादांनी सगळं सांगितलंय, मी फक्त पावसाचं बोलतो. आमच्याकडं जून लागला की भिंतीसुद्धा घाम फुटल्यासारख्या होतात. माझा पहिला पॅड एका पावसाळ्यात गेला. दोन चुका झाल्या. एक, साधा एमआर (नुसता दमटपणा सोसणारा) प्लायवूड घेतला, तो कडेनं फुगला आणि पत्रे वाकडे बसले. आता बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात टिकणारा, घेतो, आयएस ७१० शिक्का बघूनच, आणि कापलेल्या कडांना दोन हात ऑइल पेंट.

दुसरी चूक, जीआय पत्रा एमरी पेपरनं घासला. चकचकीत दिसायला लागला म्हणून मला बरं वाटलं, पण घासताना वरचा जस्ताचाच थर गेला. ऑगस्टपर्यंत तांबूस डाग पडले आणि बाण चुकायला लागले. जीआय थिनरनं पुसायचा, एवढंच. ॲल्युमिनिअम घ्यायच्या भानगडीत कुणी पडू नये. त्यावर ऑक्साइडचा थर धरतो, तो वीज अडवतो आणि साधं सोल्डर तर चिकटतच नाही.

ताई, पॉलिकार्बोनेट घेतलंत ते चांगलं केलंत. माझ्या मित्रानं बोर्ड रंगवणाऱ्याकडून ॲक्रिलिक आणलं, तिसऱ्या दिवशी टाचेखाली तडकलं आणि तळव्याला लागलं.

चिकोडी_विज्ञान

मी शाळेत विज्ञान शिकवतो. गेमपॅडचं बोर्ड मिळत नसेल तर प्रो मायक्रो हे प्रोग्रॅम करता येणारं छोटं बोर्ड वापरा, त्यात ३२यू४ चिप असते आणि ती स्वतःच कीबोर्ड बनून यूएसबीवर बोलते. अर्डुइनो ऊनो या बोर्डाची ३२८ चिप तसं करत नाही, मुलं तीच घेऊन येतात आणि अडकतात. पिनेला आतला पुल-अप (एरवी पिन वरच्या व्होल्टला धरून ठेवणारा रोधक) लावायचा, पत्रा टेकला की पिन शून्यावर येते. बाहेरचा रोधक लागत नाही.

एक सूचना. पत्रा टेकताना थरथरतो, म्हणून लोक प्रोग्रॅममध्ये ५० मिलिसेकंदांचा विलंब घालतात. तसं करू नका. स्टेपमेनियाची सगळ्यात काटेकोर खिडकी, म्हणजे पाऊल अचूक धरण्यासाठी चालणारा वेळेतला फरक, २२.५ मिलिसेकंदांची आहे, तुमचं अचूक पाऊलही उशिरा ठरेल. पहिला स्पर्श झाल्याबरोबर पाठवा आणि त्यानंतरचे १० मिलिसेकंद त्या पिनेकडं बघू नका. वायरीसाठी लॅन केबल घ्या. आठ तारांत चार बाण, स्टार्ट, बॅक आणि कॉमन बसून एक उरते.

निपाणी_वखार

काका, आधी एक विनंती, मला अहो-जाहो नको. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

काल वायरमन आले होते. एक्स्टेंशनला तीन पिनांचा प्लग होता, पण आत दोनच वायरी! घरातलं अर्थिंग ठीक निघालं. आता तीन तारांची नवी केबल टाकली. बाबा परत अनवाणी उभे राहायला निघाले होते, आईनं आधी टेस्टर लावायला लावला. दिवा नाही, झिणझिण्या नाहीत. आरसीसीबी पुढच्या आठवड्यात बसतोय.

डावं-उजवं लागलं!! तुम्ही सांगितलं तसं तपासणीचं पान उघडून उडी मारली तर खूण मध्येच राहत होती. चार वायरी त्रिकोण-गोलवर नेल्या. भाऊ तेव्हापासून पॅडवरून उतरलेला नाही, जेवायला दोन हाका माराव्या लागल्या.

खालच्या बाणाचं असं झालं. मोजलं तेव्हा पाय नसताना बझर वाजत होता. मग कोपऱ्याचं स्टील कॉमनवरून काढलं आणि बझर बंद झाला. दाबल्यावर ३ ओहम. आता एकदाही अडकत नाही. म्हणजे झालं ना?

उद्यमबाग_पॅनेल

नाही बाळ, झालेलं नाही. आकडा चांगला आलाय, पण कारण अजून आतच आहे.

विचार कर. खालच्या बाणाची वायर आणि कॉमन यांची गाठ कोपऱ्याच्या स्टीलमध्ये पडत होती. तू स्टीलचा कॉमन काढलास म्हणून गाठ सुटली. पण ती वायर स्टीलला अजूनही टेकलेली आहे. बहुतेक बोर्डाकडं जाताना ती त्या कोपऱ्याखालून गेलीय आणि स्टीलचा एखादा स्क्रू तिच्या प्लास्टिकमध्ये शिरलाय. आज चालेल. नाचून नाचून ती तार तिथंच तुटेल, किंवा ओल्या दिवशी कोपरा आणि शेजारच्या बाणाचा खालचा पत्रा एकमेकांना लागून बाण पुन्हा अडकेल. एकाच कोपऱ्याचे स्क्रू काढ, बाकी पॅडला हात लावायचा नाही. कुठला कोपरा ते मीटर सांगेल. खालच्या बाणाची वायर आणि एकेक कोपरा असा बझर लाव, वाजेल तो.

वायर बदललीस की ती नुसती पत्र्याखाली दाबू नकोस. पटाशीनं प्लायवूडमध्ये बोटभर रुंद खाच काढ, वायर खाचेत झोपली पाहिजे. आणि पत्र्याला सोल्डर केलीस म्हणालीस, ते मला पटत नाही. हजारो पावलांचा हादरा सोल्डर सोसत नाही, शिवाय जस्तावर सोल्डर धरायला ॲसिडचं फ्लक्स वापरलं असशील तर ते उरलेलं ॲसिड पत्रा खात बसतं. पत्र्याची एक जीभ फोमच्या पट्टीबाहेर काढ, भोक पाड, पितळी बोल्ट, गोल लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची भोकाची कडी) आणि स्टार वॉशर. लग क्रिम्पिंग टूलनंच, म्हणजे लग दाबायच्या खास पकडीनं, दाब, पक्कडनं नको. पॅनेलमध्ये आम्ही मोटारीच्या वायरी अशाच बांधतो आणि त्या वर्षानुवर्षं हलत नाहीत.

क्रिम्पिंग टूल तिथं मिळालं नाही तर बेळगावला येशील तेव्हा कळव, माझं देतो.

निपाणी_वखार

काका, वरचा डावा कोपरा वाजला. स्क्रू काढला तर त्याच्या टोकाला वायरचं लाल प्लास्टिक अडकून आलं. तार निम्मी कापलेली होती.

शनिवारी खाचा काढते. पटाशी आजोबांच्या पेटीत सापडली, भाऊ आत्ता तिला धार लावायला बसलाय. लग आणि बोल्ट इथंच मिळाले, टूलसाठी पुढच्या आठवड्यात येते.