जुनी बोर्दो आणि नापा वाइन शेजारी-शेजारी चाखताना

प्रश्न: आठ मित्र आहोत. १९९० च्या दशकातली बोर्दो (फ्रान्सची रेड वाइन) आणि कॅलिफोर्नियातल्या नापाची काबर्ने (त्याच नावाच्या द्राक्षाची रेड वाइन) एकत्र चाखायचीय. तयारी काय करावी?

उत्तर १: बाटल्या दोन दिवस आधी उभ्या ठेवा, गाळ तळाशी बसतो. जुनं बूच साध्या स्क्रूने मधोमध तुटतं, त्यामुळे दोन पात्यांचा ओपनर घ्या. ओतताना बाटलीच्या मानेमागे टॉर्च धरा; गाळ मानेशी आला की थांबा. तासन्‌तास आधी ओतून ठेवू नका, सुगंध उडतो.

उत्तर २: तापमान १६-१८ अंश. त्याहून गरम झाली तर नापाचं अल्कोहोलच नाकात भरतं. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बाधलंय, ती बाटली बाद!

उत्तर ३: लेबलं झाकाच. १९७६ ला पॅरिसमध्ये फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइनची स्पर्धा झाली तेव्हा झाकली होती, म्हणून तर नापाची १९७३ ची स्टॅग्ज लीप रेडमध्ये पहिली आली. प्रत्येकाला ६० मिली ओता, दुसऱ्या फेरीला उरेल.