डीटीपीसाठी ४३ इंची फोर-के टीव्ही घ्यावा की २७ इंची मॉनिटर?

जुळारी_सातारा:

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात घरूनच डीटीपी करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि ऑगस्ट लागला की दिवाळी अंक. सध्याचा १९ इंची मॉनिटर (१४४० बाय ९००) एका बाजूने पिवळा पडलाय आणि चालू केला की बराच वेळ थरथरत बसतो. बजेट २५ हजार, फारच ताणलं तर २८.

दीर म्हणतात, ४३ इंची फोर-के टीव्ही घ्या वहिनी, भिंतीवर दोन-दोन पानं दिसतील. दुकानदारही त्यांच्याच बाजूचा. सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आता कशाला छोटं घेताय, असं त्याचं पालुपद. त्याच किमतीत त्याच्याकडे २७ इंची फोर-के मॉनिटर आहे. पिक्सेल दोन्हीत तेवढेच, ३८४० बाय २१६०. मग कमी इंचांना तेवढेच पैसे का मोजायचे, या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही. पटलंही नाही.

टेबल दोन फूट खोल, भिंतीला चिकटून. त्यावर टीव्ही आला की संध्याकाळी सातनंतर तो माझा राहणार नाही हे मला आत्ताच दिसतंय. आधी सासूबाईंची मालिका, मग पोरांची मॅच. आणि माझं खरं काम रात्रीच होतं.

निम्मं काम अजून पेजमेकर (पानं लावायचा जुना प्रोग्रॅम) आणि श्रीलिपीत (जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट) आहे, कारण पतसंस्थांच्या जुन्या फायली त्यातच आहेत. दिवाळी अंक इनडिझाइन या नव्या प्रोग्रॅममध्ये, फॉन्ट युनिकोड. कॉम्प्युटर सेकंडहँड, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

मला झूम न करता सिद्ध आणि सिध्द यातला फरक दिसला पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर. कशावर दिसेल?

ठाणेकर_कोडर:

मी ४३ इंची टीव्हीवरच काम करतो आणि परत मॉनिटरकडे जाणार नाही. चार खिडक्या शेजारी शेजारी उघड्या राहतात, स्केलिंगची (अक्षरं-बटणं मोठी करून दाखवायची) भानगड नाही, सगळं १०० टक्क्यांवर. पण माझं टेबल तीन फूट खोल आहे आणि टीव्ही भिंतीवर, खाली उतरवून लावलाय. दोन फुटांवर तुम्हाला कोपरे बघायला मान वळवावी लागेल. पडदा जवळजवळ ९५ सेंटिमीटर रुंद असतो, टेप घेऊन भिंतीवर मोजून बघा. आणखी एक कटकट: कॉम्प्युटर झोपला की टीव्ही ‘सिग्नल नाही’ म्हणत बसतो, मग रिमोट शोधा.

वायर_आणि_स्क्रू:

ताई, दिरांना सांगा की पिक्सेल तेवढेच असले तरी ते किती जागेत पसरलेत ते बघायचं असतं. ४३ इंची फोर-के म्हणजे इंचाला साधारण १०२ ठिपके. २७ इंची फोर-के म्हणजे १६३. आणि २७ इंची, २५६० बाय १४४० चा मॉनिटर, ज्याला क्यूएचडी म्हणतात, तो १०९. म्हणजे अक्षराच्या बारकाईपुरतं बोलायचं तर हा ४३ इंची टीव्ही साध्या क्यूएचडी मॉनिटरच्या पंगतीत बसतो, किंचित खालीच. जागा जास्त मिळते, धार नाही.

तुमच्या सिद्ध-सिध्दचा हिशोब: १२ पॉइंटचं अक्षर मूळ आकारात पाहिलं तर टीव्हीवर त्याच्या वाट्याला उभे १७ पिक्सेल येतात. त्यात मात्रा, शिरोरेघ, खालचा जोड सगळं बसवायचं. १६३ ठिपक्यांवर तेच २७ पिक्सेल होतात. रफार आणि अनुस्वार एकावर एक आले (‘सर्वांनी’ लिहून बघा) की १७ मध्ये नुसता डाग दिसतो.

टीव्हीची दुसरी गोष्ट म्हणजे तो आलेलं चित्र आहे तसं दाखवत नाही. त्याला ते सजवायची सवय असते. शार्पनेस वाढवून ठेवलेला असतो, त्याने शिरोरेघेच्या वर-खाली पांढरी किनार उमटते. काही टीव्ही चित्राच्या कडाही कापतात, ती ट्यूबच्या काळातली खोड. हे दोन्ही मेनूत जाऊन बंद करता येतं. रंगाचं मात्र नीट तपासूनच घ्यावं लागतं. सिनेमाच्या सिग्नलमध्ये उजेड प्रत्येक पिक्सेलचा वेगळा असतो, पण रंग चार पिक्सेलांना मिळून एकच. सिनेमात ते डोळ्याला कळत नाही. टीव्हीने कॉम्प्युटरचा सिग्नलही तसाच हाताळला तर पांढऱ्यावरचा काळा मजकूर ठीक दिसेल, पण रंगावर रंगीत अक्षर फिसकटेल. निळ्यावर लाल सर्वात वाईट. आणि तुम्ही तर लग्नपत्रिका करता. बऱ्याच टीव्हींत त्या इनपुटला ‘पीसी’ असं नाव दिलं की हे सुधारतं, सगळ्यांत नाही.

तिसरं, तुमच्या कॉम्प्युटरच्या मागे कोणती भोकं आहेत? आठव्या पिढीच्या अशा मशीनवर एचडीएमआय असलं तर ते सहसा जुन्या १.४ आवृत्तीचं असतं. त्यावर फोर-के सेकंदाला ३० वेळाच बदलतं, माउस चिखलातून ओढल्यासारखा वाटतो. डिस्प्लेपोर्टवर ६० मिळतात, पण टीव्हीला डिस्प्लेपोर्ट नसतो. मग मधे चांगला अॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो, स्वस्तातला पुन्हा ३० वरच अडकतो.

छपाईवाला_कोल्हापूर:

प्रेसच्या बाजूने बोलतो. २७ इंची मॉनिटरचा पडदा साधारण साडेतेवीस इंच रुंद आणि सव्वातेरा इंच उंच. ए-फोरची समोरासमोरची दोन पानं मूळ आकारात साडेसोळा बाय पावणेबारा. म्हणजे जोडपान आहे त्या मापात उघडून शेजारी पॅलेटसाठी सात इंच उरतात. याहून मोठा पडदा दिवाळी अंकाला कशाला हवा? टीव्हीवर भडक रंग बघून खूश होणारी गिऱ्हाइकं आम्ही बघतो, मग छापून आल्यावर भांडण आमच्याशी. आणि शेवटचं प्रूफ कागदावरच वाचा, पडदा कुठलाही असो.

फोर-के मॉनिटर घ्या आणि पेजमेकर सोडा आता. २००१ साली शेवटची आवृत्ती आली त्याची.

जुळारी_सातारा:

छपाईवाले दादा, सोडायला मी एका पायावर तयार आहे, पतसंस्था सोडत नाहीत. ‘मागच्या वर्षीसारखंच, फक्त आकडे बदला’ हे वाक्य दर मे महिन्यात येतं. आणि पेजमेकरच्या फायली उघडणारं शेवटचं इनडिझाइन सीएस-सिक्स, नवं उघडत नाही. उघडल्या तरी आतला मजकूर श्रीलिपीचा, युनिकोडमध्ये नेला की पुन्हा सगळं वाचून काढा. ताळेबंदाच्या तक्त्यांचं तर विचारूच नका.

वायर दादा, मागे दोन डिस्प्लेपोर्ट आणि एक व्हीजीए आहे, एचडीएमआय नाहीच. टीव्ही इथेच बाद झाला. दिरांना ‘भोक नाही’ एवढंच सांगितलं, १०२ आणि १६३ ऐकायला ते थांबले नाहीत. पण २७ इंची फोर-केवर पेजमेकर कसं दिसेल?

वायर_आणि_स्क्रू:

वाईट. इतका बारीक पडदा त्या प्रोग्रॅमच्या काळात नव्हताच. विंडोजला १५० टक्के सांगितलं तर ते पेजमेकरचं चित्र ताणून मोठं करतं, अक्षरं धूसर. ताणू नको म्हटलं तर टूलबारची बटणं तांदळाएवढी. त्यामुळे निव्वळ पेजमेकरचं काम असतं तर मी क्यूएचडी घ्या म्हणालो असतो, ते १०० टक्क्यांवर सरळ चालतं आणि पैसेही वाचतात. पण तुमची अट सिद्ध-सिध्दची आहे, तिथे क्यूएचडी आणि टीव्ही जवळपास सारखेच.

म्हणून २७ इंची फोर-के घ्या आणि १९ इंची टाकू नका. आताचं विंडोज दोन पडद्यांना वेगवेगळं स्केलिंग देतं. नव्यावर १५० टक्के, जुन्यावर १००. पेजमेकरची खिडकी जुन्यावर ओढली की आजवर दिसत होती तशीच दिसेल. ताळेबंदाला थोडा पिवळा पडदा चालतो, पत्रिकेला चालत नाही. चालू केल्यावर थरथरतो आणि तापल्यावर थांबतो म्हणताय, तर बहुधा पॉवर सप्लायमधले कपॅसिटर फुगलेत. टीव्ही दुरुस्तीवाला ते काही शे रुपयांत बदलून देईल. स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत झटका शिल्लक असतो.

ठाणेकर_कोडर:

हे बरंय. दोन फुटी टेबलावर जुना मॉनिटर डावीकडे तिरका ठेवा, नवा बरोबर समोर. नव्याचा स्टँड वर-खाली होतो का बघा, स्वस्त मॉडेलांत तो नुसता मागे-पुढे कलतो. तसा असेल तर मागे व्हेसाची (ठरलेल्या मापाची) चार भोकं असलेलं मॉडेल घ्या, पुढेमागे आर्म, म्हणजे पडदा उचलून धरणारा दांडा, लावता येतो. आणि वॉरंटी विचारा. मॉनिटरला सहसा तीन वर्षं देतात, टीव्हीला एकच.

जुळारी_सातारा:

आर्मची कल्पना आवडली, की-बोर्डमागे प्रुफांचे कागद ठेवायला जागा होईल. दीर टीव्ही हॉलसाठी घेतायतच, त्यामुळे घरातली शांतताही टिकली. शनिवारी दुकानात जाते. भाचीचा लॅपटॉप सोबत नेणार आहे, गेल्या वर्षीच्या अंकाचं एक पान आणि लाल-पिवळी पत्रिका त्यात टाकून. आणखी काय बघू?

वायर_आणि_स्क्रू:

काळं पान फुल स्क्रीन करून कोपऱ्यांत उजेड झिरपतो का बघा, मग पांढरं पान लावून मेलेला पिक्सेल शोधा. पॅनेल आयपीएस जातीचं आहे ना विचारा, गिऱ्हाईक शेजारी बसून पत्रिका बघतं तेव्हा बाजूनेही रंग तोच दिसला पाहिजे. आणि खोकं तिथेच उघडून केबल तपासा. बऱ्याचदा आत फक्त एचडीएमआयची असते, तुम्हाला डिस्प्लेपोर्टची लागेल.