पोळ्याचे बैल ब्लॅक अँड व्हाईट काहून करता भाऊ?

धुऱ्यावरचा

पोळा होऊन आठ दिवस झाले, पण एक वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतो.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे. पेशानं मास्तर, कॅमेरा ही हौस. गेली तीन वर्षं मी जवळपास सगळं ब्लॅक अँड व्हाईटच करतो. यंदा शेजारच्या काकांच्या जोडीचे, ढवळ्या-पवळ्याचे, तोरणाखाली चार फोटो चांगले आले. त्यातला एक बारा बाय अठरा छापला, चौकट बसवली आणि नेऊन दिला. काकांनी तो लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. म्हणाले, "मास्तर, फोटो लय झ्याक हाय. पन बैलाले हार घालाचा राह्यला काय?"

त्यांना तो मयताचा फोटो वाटला. मग जरा चाचरत म्हणाले, "पोरगा सकायपासून शिंगाले हिंगूळ लावून राह्यला होता, तो कुठी गेला? आन यातला पवळ्या कोनता?" काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, म्हणून हा शेवटचा प्रश्न मी हसण्यावारी नेला.

आता माझी बाजू. पोळ्यात रंग नुसते ओरडत असतात. झूल, फुगे, गुलाल आणि मागं पुढाऱ्यांचं भलंमोठं फ्लेक्स. रंगीत फोटोत नजर आधी फ्लेक्सवरच्या दाढीवाल्याकडं जाते, बैलाकडं नंतर. रंग काढला की बैलाचा डोळा उरतो, मठाटीखालच्या कपाळावरचा भोवरा उरतो.

दुसरं म्हणजे उजेड बघायची सवय लागली. नोव्हेंबरात वेचणीला गेलो की समोर काळी जमीन आणि पांढरा कापूस. कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला सारं जग मध्यम करडं असल्यासारखंच वाटतं. कापसानं चौकट भरली की कॅमेरा उजेड कमी करतो आणि कापूस मळका होतो. जमिनीनं भरली की वाढवतो आणि जमीन राखेसारखी दिसते. रंगीत काढायचो तेव्हा हे कधी जाणवलंच नाही, कारण आकाश निळं आलं की फोटो चांगला असं वाटायचं. ब्लॅक अँड व्हाईटनं मला बोंडाच्या कोणत्या पाकळीवर ऊन आहे आणि कोणतीवर नाही, हे बघायला लावलं.

तर सांगा, आपण हौशी लोक हे खरंच फोटोसाठी करतो, की 'कलाकार' दिसावं म्हणून?

संत्र्याचा बार

मास्तर, काकांचंच बरोबर आहे. तुमच्या बैलांची नावंच रंगांवरून पडलेली. ढवळ्या म्हणजे पांढरा, पवळ्या म्हणजे तांबूस. आणि तुम्ही रंग काढून टाकला!

मी वरुडकडचा. आमच्या बागेचा एक फोटो हौसेनं ब्लॅक अँड व्हाईट केला होता. पिकलेलं संत्रं आणि त्याच्यामागचं पान, दोन्ही सारखेच करडे. बहिणीनं विचारलं, लिंबं कधी लावली? आमच्यासाठी रंग म्हणजे माहिती असते हो. फळानं रंग धरला का, पान शिरांमधून पिवळं पडून राहिलं का, यावर पुढचं सगळं ठरतं.

दुसरा दाखला लोणारचा. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळं. त्याचा कृष्णधवल फोटो काढा आणि सांगा बातमी काय ते. काहीच नाही, एक तळं.

आणि हे फक्त माझ्यासारख्या अडाण्याचं मत नाही. जयपूरचे छायाचित्रकार रघुवीर सिंह (१९४२–१९९९) जन्मभर रंगीतच काढत राहिले. भारताकडं बघायची नजरच रंगांची आहे, कृष्णधवल तिला मानवत नाही, अशी त्यांची उघड भूमिका होती.

आयएसओ ६४००

मी खरं बोलू का? माझा फोटो फसला की मी तो ब्लॅक अँड व्हाईट करतो. रात्रीच्या भजनात ट्यूबलाइटनं चेहरे हिरवे आले, दाणे आले, की एक बटण दाबायचं. लोक खाली लिहितात, "काय मूड पकडलाय!"

धुऱ्यावरचा

@आयएसओ, हे लिहायला हिंमत लागते. मीही केलंय. पण पोळ्याचा फोटो फसलेला नव्हता.

@संत्र्याचा बार, लोणारचं मान्य. पण पानं आणि फळं सारखी करडी आली हा दोष ब्लॅक अँड व्हाईटचा नाही, तुम्ही नुसतं बटण दाबल्याचा आहे. संगणकावर ब्लॅक अँड व्हाईट करताना प्रत्येक रंग उजळ-गडद करायची पट्टी असते, त्यातली नारंगी वर ओढली असती तर फळं उजळून पानांवेगळी दिसली असती.

बोंडअळी

आमच्या बुढ्यानं सोयाबीन इकून रंगीत टीव्ही आनला होता. आता तुमी मास्तर लोक पुन्हा मांगं जाऊन राह्यले. मले त काई समजत नाई बाप्पा.

जुना स्टुडिओवाला

या धाग्यात बहुधा सर्वांत म्हातारा मीच. तालुक्याच्या गावी माझा स्टुडिओ होता. १९७४ पासून काम केलं, आता मुलगा मोबाईल दुरुस्ती करतो त्याच जागेत.

लोक विचारतात, लाल बल्बखाली ट्रेमध्ये चित्र उगवताना किती मजा येत असेल. येते, पहिले दहा दिवस. नंतर डेव्हलपरनं नखं तपकिरी होतात आणि हायपोचा, म्हणजे चित्र पक्कं करायच्या रसायनाचा, वास शर्टातून जात नाही. डेव्हलपर २० अंशांवर ठेवा असं डब्यावर लिहिलेलं असायचं. मे महिन्यात आमच्या टाकीचं पाणी ३५ च्या वर. तशा पाण्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो, बोट लागलं की सुटून येतो. नवरा-नवरी दोघं एकदा माझ्या हातात साय निघावी तसे निघून आले. मग रसवंतीवाल्याकडून बर्फ आणायचा, रात्री बारानंतर रोल धुवायचे.

आम्हाला ब्लॅक अँड व्हाईटचं 'आकर्षण' वगैरे काही नव्हतं. दुसरं परवडतच नव्हतं. क्लिक थ्री कॅमेरा, १२० चा रोल, बारा फोटो. कागद उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, 'इंदू'. गिऱ्हाइकाला तेव्हाही रंगच हवा असायचा. त्याच काळ्या-पांढऱ्या फोटोवर मी ब्रशनं लुगड्याला हिरवा आणि ओठाला लाल भरून द्यायचो, त्याचे पैसे वेगळे. रंगीत रोल आला आणि धुवायला नागपूरला जाऊ लागला, तेव्हा वीस दिवस थांबायला लोक तयार होते.

आणि मास्तर, काकांना हार का आठवला ते सांगतो. गावातून मला बोलावणं तीन कामांना यायचं: लग्न, पासपोर्ट फोटो आणि मयत. कितीतरी म्हाताऱ्यांचा जन्मभरात एकही फोटो निघालेला नसायचा. मग भिंतीला टेकवून बसवायचं, डोक्यावरचा पदर नीट करायचा आणि काढायचा. तोच घरात लागायचा, त्यालाच हार. काकांच्या वयाच्या माणसासाठी काळा-पांढरा फोटो म्हणजे हेच.

एक मात्र तुमच्या बाजूनं. १९७५ च्या आसपास मी करून दिलेले ब्लॅक अँड व्हाईट प्रिंट अजून लोकांच्या घरी जसेच्या तसे आहेत. नंतरच्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग आधी उडाला आणि सगळी वरात लाल पडली. काळ्या-पांढऱ्या फोटोतली चांदी टिकते, ते रंग टिकत नाहीत.

झाडीचा पाहुणा

मी गडचिरोलीकडचा, धानाच्या पट्ट्यातला. माझी हरकत वेगळी आहे आणि ती जरा कडू लागेल.

बाहेरून कॅमेरे घेऊन येणाऱ्यांना विदर्भ ब्लॅक अँड व्हाईटमध्येच का दिसतो? भेगा पडलेली जमीन, सुरकुतलेला हात, बिडीचा धूर, खाली 'वेदना' नाहीतर 'प्रतीक्षा' असं नाव. एका स्पर्धेत पहिले तिन्ही फोटो म्हाताऱ्यांचे होते आणि तिघंही आभाळाकडंच बघत होते. आमच्याकडं रोवणीच्या वेळी बांधीतला हिरवा असा असतो की डोळे निवतात. रात्री झाडीपट्टीच्या नाटकाला बायका अशा लुगड्यांत येतात की मंडप पेटल्यासारखा दिसतो. ते कोणी काढत नाही, कारण त्यात दुःख दिसत नाही. रंग काढला की आजचा माणूस पन्नास वर्षं जुना होतो. त्याच्या हातातला मोबाईल चौकटीबाहेर ठेवला की काम फत्ते.

मास्तर, तुम्ही गावचेच आहात, तुमच्यावर रोख नाही. पण फ्लेक्स नको म्हणून रंग काढला, हे मला पटलं नाही. फ्लेक्स हेही आपलं गावच आहे.

धुऱ्यावरचा

लागलं, पण बरोबर जागी लागलं.

तरी सेवाग्रामचं उदाहरण देतो. बापूंच्या नात्यातल्या कनू गांधींनी आश्रमात बापूंचे जे फोटो काढले ते ब्लॅक अँड व्हाईटच आहेत आणि त्यांत दुःखाचा बाजार कुठं दिसत नाही. भणसाळीकाका, बा, चरखा, जेवणाची पंगत, सगळं चालतं-बोलतं.

झाडीचा पाहुणा

तुमचं उदाहरण माझ्याच कामाचं आहे. बापूंनी कनूंना अटी घातल्या होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, मी पोज देणार नाही, आश्रम पैसे देणार नाही. ते फोटो चांगले आले ते या अटींमुळं आणि रोज तिथंच राहिल्यामुळं. रोल काळा-पांढरा होता, कारण तेव्हा तोच परवडायचा. स्टुडिओवाले काका तेच सांगून राहिले ना?

काळी कसदार

इतकी चर्चा झाली, एकानंही फोटोत *असणाऱ्या* माणसाबद्दल लिहिलं नाही. झाडीचे पाहुणे सोडून.

मी सावळी आहे. सावळी म्हणजे लग्नाच्या बायोडेटात 'गहूवर्णी' लिहितात तेवढी. लग्नाच्या अल्बमवाल्यानं मला इतकी गोरी केली की मामी म्हणाली, ही कोणाची पोरगी? मान एका रंगाची, चेहरा दुसऱ्या. त्याच लग्नात चुलतभावानं हळदीचा एक फोटो ब्लॅक अँड व्हाईट काढला होता. त्यात मी माझ्यासारखी दिसते. डाव्या गालावर खिडकीचा उजेड, हळद सुकून पडलेल्या भेगा, आणि कातडी आहे तशी. घरात तोच लावलाय. हार नाही घातला कोणी.

म्हणून मला ब्लॅक अँड व्हाईट आवडतं. रंगाचा प्रश्नच मिटतो.

आयएसओ ६४००

ताई, फोटो छान असणार, पण प्रश्न मिटत नाही हो. तिथं फक्त चोरी दिसत नाही.

डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर एक रंगीत गाळणी बसवलेली असते. निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ साली तिचं पेटंट घेतलं. म्हणजे काही महागडे खास कॅमेरे सोडले तर आपला ब्लॅक अँड व्हाईट फोटो आधी रंगीतच असतो. लालाला किती उजेड द्यायचा आणि हिरव्याला किती, हे नंतर आपण ठरवतो. आपल्या कातडीत लाल-नारंगी जास्त. ती पट्टी वर ओढली की सावळा माणूस संगमरवरी होतो, खाली ओढली की कोळसा. तुमच्या भावानं काही केलं नाही म्हणून तुम्ही तुमच्यासारख्या दिसल्या. अल्बमवाल्यानं ब्लॅक अँड व्हाईट केला असता तरी तुम्हाला गोरीच केलं असतं, आणि मामीला मान वेगळी दिसलीही नसती.

काळी कसदार

हे मला माहीत नव्हतं. आता तो फोटो बघताना भावाला जरा जास्त मानलं पाहिजे.

संत्र्याचा बार

थांबा थांबा. मास्तर, वर मला शहाणपण शिकवलं ना, नारंगी पट्टी वर ओढा म्हणून? काकांनी 'यातला पवळ्या कोणता' असं का विचारलं असेल? मोतीबिंदूच कशावरून? मूळ फाइल उघडून बघा बरं.

धुऱ्यावरचा

(दुसऱ्या दिवशी सकाळी)

बघितली. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली मूळ फाइल, होती म्हणून रंग शाबूत होते.

शिंगांचा हिंगूळ काळपट येत होता, तो उठून दिसावा म्हणून मी लाल आणि नारंगी दोन्ही पट्ट्या पार वर नेल्या होत्या. शिंगं झकास चमकली. पण पवळ्याचं अंगही तांबूसच, तोही त्यांच्याबरोबर उजळला. शेजारी उभा केला तर ढवळ्याएवढाच पांढरा. दोन्ही ढवळेच. काकांचा मोतीबिंदू आहे तसा आहे, पण पवळ्या ओळखू आला नाही तो माझ्यामुळं.

काल संध्याकाळी रंगीत प्रिंट घेऊन गेलो. फ्लेक्ससकट. काकांनी बोट ठेवून सांगितलं, हा पवळ्या, हा ढवळ्या, आन हा मांगं आमचा पोरगा, तुमी त्याले पयल्या फोटोत कापला होता. रंगीत प्रिंट ओसरीत लागला. ब्लॅक अँड व्हाईट परत नेऊ नका म्हणाले, तो आत कणगीजवळ ठेवलाय.

पट्ट्या खाली आणून ब्लॅक अँड व्हाईट पुन्हा करतोय. शिंगं काळपट आली तर येऊ दे.

बोंडअळी

म्हंजे मास्तर, तुमीच त पवळ्याले फेअरनेस क्रीम लावली 😄

जुना स्टुडिओवाला

नवा प्रिंट झाला की मागच्या बाजूला बैलांची नावं आणि तारीख लिहा. पेन्सिलनं, हलक्या हातानं. बॉलपेन दाबून लिहिलं की समोरून वळ उठतो.