शाळेचे ऋण विद्यार्थ्यांनी फेडावे का?

धागाकर्ता (निवृत्त शिक्षक)

शाळेकडून आणि परिसराकडून आपल्याला काय मिळते आणि त्याच्या बदल्यात आपण काय करू शकतो, हा विचार मुलांच्या मनात आपोआप येत नाही. तो शिकवावा लागतो, असे माझे अनुभवान्ती बनलेले मत आहे. म्हणून पाचवीपासून आठवड्यातील एक तासिका शाळेच्या व परिसराच्या कामासाठी राखावी, प्रत्येक मुलाने वर्षाला ठरावीक तास काम करावे आणि त्याचे गुण प्रगतिपुस्तकात नोंदवावेत, असे मी सुचवतो. यात नवे काही नाही. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने 1992 मध्ये असा नियम केला आणि तेथे शालान्त पदविकेसाठी 75 तासांच्या सेवाकार्याची अट घातली. समाजाचे ऋण फेडण्याची सवय शाळेतच लागली नाही, तर ती पुढे लागणे अवघड असते.

प्रतिसाद १ (एक पालक)

माझा पहिला आक्षेप ‘ऋण’ या शब्दालाच आहे. ऋण घेणाऱ्याने ते मागून घेतलेले असते आणि फेडण्याचे कबूल केलेले असते. सहा वर्षांच्या मुलाने यांतले काहीच केलेले नसते. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतील अनुच्छेद 28 शिक्षणाला मुलाचा हक्क म्हणतो, आणि जे हक्काने मिळते त्याची परतफेड मागितली की त्याचे नकळत उपकारात रूपांतर होते. ज्या मुलांना घरीदारी ‘तुझ्यासाठी आम्ही किती केले’ हेच ऐकावे लागते, त्यांच्यावर शाळेनेही तेच ओझे टाकू नये.

दुसरा आक्षेप सक्तीला आहे. नेदरलँड्समध्ये माध्यमिक विद्यार्थ्यांना किमान 30 तासांचे समाजकार्य 2011 मध्ये बंधनकारक झाले आणि 2014 मध्ये ते कायदेशीर बंधन उठवलेही गेले. ज्या शाळांना ते मनापासून करायचे होते, त्यांची वाट त्यानंतरही मोकळीच होती.

प्रतिसाद २ (प्राथमिक शिक्षिका)

तासिका असावी, परंतु गुण देऊ नयेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये बालवाडीतील, मुळातच चित्रे काढण्याची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल असे आधी सांगितले होते. ही मुले पुढे मोकळ्या वेळेत इतरांपेक्षा बरीच कमी चित्रे काढू लागली. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी 2008 मध्ये वीस महिन्यांच्या बाळांविषयी असेच नोंदवले आहे. मदत केल्यावर ज्यांना वस्तू मिळाली, ती बाळे नंतर कमी मदत करू लागली. ज्यांना केवळ शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळाले नाही, त्यांची मदत कमी झाली नाही.

मी हे वर्गात पाहिले आहे. वाचनालयातील फाटकी पुस्तके चिकटवण्याचे काम चौथीची काही मुले मधल्या सुट्टीत आपण होऊन करत असत, आणि कोणते पुस्तक आधी घ्यायचे यावरून त्यांची हमरीतुमरीही होत असे. पुढच्या वर्षी शाळेने त्याला पाच गुण ठेवले. मग ‘बाई, किती पुस्तके केली की पाचपैकी पाच?’ हा प्रश्न आला आणि सगळ्यांत कमी फाटलेली पुस्तके सगळ्यांत आधी संपली. ज्या पुस्तकांना खरोखर दुरुस्तीची गरज होती, ती वर्षअखेरीस तशीच कपाटात होती.

प्रतिसाद ३ (मुख्याध्यापक)

गुणांविषयी मी बाईंशी सहमत आहे, सक्तीविषयी पालकांशी नाही. काम ऐच्छिक ठेवले की ज्यांच्या घरी आधीच असे संस्कार आहेत आणि ज्यांना शाळेनंतर वेळ मिळतो, तीच मुले पुढे येतात. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप करायचा, ती बाहेरच राहतात. जपानमधील शाळांत मुले वर्ग, व्हरांडे आणि पुष्कळ ठिकाणी स्वच्छतागृहेही रोज झाडून-पुसून घेतात. ते सर्वांना करावे लागते आणि त्याची टोळीवार पाळी असते. गणित आपण सक्तीने शिकवतो, तेव्हा मुलाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न कोणी उपस्थित करत नाही.

प्रतिसाद १ चे उत्तर (तेच पालक)

गणिताच्या तासाचा लाभ गणित शिकणाऱ्यालाच होतो. झाडलोटीचा लाभ शाळेच्या अंदाजपत्रकालाही होऊ शकतो, आणि माझी भीती नेमकी तीच आहे. वर्ध्याला 1937 मध्ये गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, तेव्हा मुलांनी तयार केलेल्या वस्तूंतून शिक्षणाचा खर्च भागावा हा विचारही त्यात होता, आणि त्यावर त्या काळीच कडाडून टीका झाली. हेतू कितीही उदात्त असला, तरी मुलांच्या श्रमावर खर्चाचे गणित बसवले की शिक्षण मागे पडण्याचा धोका असतो. म्हणून माझी कसोटी साधी आहे: जे काम मुलांनी केले नसते तर शाळेला पगारी माणूस नेमावा लागला असता, ते मुलांवर सोपवू नये. शिवाय कामांची वाटणी कोण करणार? झाडू मुलींच्या हाती आणि ध्वनिवर्धक मुलांच्या हाती, अशी वाटणी होत असेल, तर त्या तासिकेत मुले नेमके काय शिकतील, याचा विचार व्हावा.

प्रतिसाद ४ (माजी विद्यार्थी)

ज्यांच्यासाठी हे काम करायचे, त्यांच्याविषयी येथे अजून कोणी बोललेले नाही. आमच्या शाळेने आम्हाला एकदा वृद्धाश्रमात नेले. आम्ही गाणी म्हटली, छायाचित्रे काढली. एका आजोबांची दृष्टी अधू झाली होती. मोठ्या अक्षरांतले पुस्तक आणून देईन, असे मी त्यांना सांगितले. पुढच्या वर्षीची सहल दुसरीकडे ठरली आणि मी पुन्हा कधीच गेलो नाही. शाळेच्या नोंदीत तो उपक्रम यशस्वी ठरला. आजोबांनी किती दिवस वाट पाहिली असेल, हा विचार माझ्या मनात फार उशिरा, नोकरीला लागल्यावर आला. वर्षाला दहा ठिकाणी जाण्यापेक्षा एकाच ठिकाणी दहा वेळा जावे.

धागाकर्ता

गुणांचा आग्रह मी सोडतो. ‘ऋण’ या शब्दाविषयीचा आक्षेपही मला पटला. ‘वाटा’ हा शब्द अधिक योग्य वाटतो, कारण त्यात देणेकरी कोणी नसतो. तासिका मात्र सर्वांना असावी या मतावर मी ठाम आहे, आणि काम कोणते घ्यायचे ते मुलांनी परिसरात फिरून, माणसांना विचारून ठरवावे. एक अडचण उरते. मुलांनी स्वतः निवडलेले काम दोन महिन्यांत कंटाळून सोडले, तर शिक्षकाने काय करावे?

प्रतिसाद २ चे उत्तर (प्राथमिक शिक्षिका)

रागावू नये आणि स्वतः ते पूर्णही करू नये. ज्यांच्यासाठी काम हाती घेतले होते, त्यांच्याकडे मुलांनाच पाठवावे आणि ‘आम्ही हे सोडत आहोत’ असे त्यांना तोंडावर सांगायला लावावे. माझ्या वर्गातील मुले तसे सांगायला दोनदा गेली, आणि त्यांतल्या एका वेळी काम पुन्हा मागून घेऊन परत आली.